विटाळ मोजला, विष कोण मोजणार?

ऑगस्ट महिन्यात देवळी, हिंगणघाट किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या कापसाच्या कोणत्याही गावात सकाळी जाऊन बघा. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते. पाठीवर पंप घेतलेला मजूर ओळीतून चालतो आणि वारा फिरला की फवारा त्याच्याच तोंडावर येतो. नाकाला बांधलेला दुपट्टा थोड्या वेळात ओला होतो. शेजारच्या वावरात बाया निंदत बसलेल्या असतात. धुऱ्यावर औषधाचा रिकामा प्लास्टिकचा डबा पडलेला असतो. तो कधी भंगारात जातो, कधी चुलीत जातो, तर कधी धुऊन घरात वापरायला घेतला जातो.

आपण सगळेच त्या द्रवाला 'औषध' म्हणतो. या एका शब्दात बरेच काही लपते, म्हणून या लेखात आम्ही त्याला विष म्हणणार आहोत.

डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग कसा ठरतो, हे गावात सहसा कोणी विचारत नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना विष दिले जाते आणि त्यातले निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात, ते पाहिले जाते. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्याहून जास्त लागले तर हिरवा. म्हणजे त्रिकोण लगेच येणारे मरण मोजतो. जे विष माणसाला लगेच मारत नाही, पण त्याच्या ग्रंथींचे काम बिघडवते किंवा पोटातल्या गर्भावर परिणाम करते, त्याचे माप या त्रिकोणात नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. या देशाने आमच्या अंगाचा विटाळ बारकाईने मोजला, पण आमच्या अंगात जाणारे विष मोजायची त्याला कधी गरज वाटली नाही. वर्ध्याच्या कापसाचा इतिहास नीट वाचला तर हे स्पष्ट दिसते.

विटाळाचा हिशेब

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. १८६७ पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, त्या काळात या पट्ट्यातल्या कापसाला भाव आला. 'हिंगणघाट' हे गावाचे नाव विलायतेच्या बाजारात कापसाच्या जातीचे नाव म्हणून चालत होते. पुढे हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या निघाल्या.

या कापसाशी आमचे नाते जुने आहे. नागपूर-वर्धा भागातले महार जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा मोडला आणि विणकर मजूर झाले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र वेगळेच घडले. तिथे विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धागा तुटला की तो तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे. अस्पृश्याची लाळ लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणखात्यात मजुरी जास्त होती आणि तेच आमच्यासाठी बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, कारण वर्गाची एकजूट सांगणाऱ्यांनाही तो दिसत नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. १०८ घागरी पाणी बाहेर काढले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही असलेली मडकी तळ्यात बुडवली. आकड्याकडे लक्ष द्या. जो विटाळ अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठी १०८ घागरींचा हिशेब ठेवला गेला.

आज कापूस तोच आहे, पण दिशा उलटली आहे. तेव्हा आमची लाळ धाग्याला लागू नये म्हणून कडक नियम होता. आज कापसाचे विष आमच्या तोंडात, नाकात आणि कातडीत जाते, तेव्हा तितकाच कडक नियम कुठे दिसत नाही.

पऱ्हाटीवर विष कसे आले

आपल्या भागातली जुनी 'बनी' ही देशी कपाशी होती. देशी वाण रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देत. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा संकरित कापूस आला आणि संकरित वाण सगळीकडे पसरले. उत्पन्न वाढले, सोबत खते आली, कीड आली आणि फवारणी आली.

विषाची गोष्ट मात्र त्याआधी सुरू होते. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डीडीटी कीटक मारते हे सापडले आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात १९५३ पासून हिवतापाविरुद्ध घरोघरी डीडीटी फवारले गेले. त्याने माणसे वाचली, हे नाकारायचे कारण नाही. पण तेच डीडीटी शेतातही गेले, आणि शेतीतला त्याचा वापर थांबवायला १९८९ उजाडले.

१९५८ मध्ये केरळ आणि मद्रासमध्ये विषबाधा होऊन शंभराहून जास्त माणसे मेली. जहाजातून येताना धान्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले होते. या घटनेनंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. त्याचे नियम १९७१ चे आहेत. हे नियम वाचण्यासारखे आहेत. विष हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत, त्याला प्रशिक्षण द्यावे, त्याची कामाआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत आणि ते पुन्हा वापरात येऊ देऊ नयेत. हे सगळे पन्नास वर्षांपूर्वीच लिहिलेले आहे. आता आपल्या गावातल्या फवारणी करणाऱ्या दहा जणांना विचारा की तुझे रक्त कोणी, कधी तपासले. हातमोजा कोणी दिला. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

२००२ मध्ये बीटी कापूस आला, तो फवारणी कमी होईल या आश्वासनावर. काही वर्षे बोंडअळीवरची फवारणी कमी झालीही. मग गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना. २०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करणारे शेकडो जण दवाखान्यात भरती झाले आणि २० हून जास्त माणसे मेली. त्यात मजूर होते, लहान कास्तकार होते, आदिवासी होते. कोणाची दृष्टी गेली, कोणी दिवसेंदिवस बेशुद्ध राहिला. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यात प्रोफेनोफॉसचे मिश्रण होते, मोनोक्रोटोफॉस होते आणि डायफेंथियुरॉनही होते. हे शेवटचे विष स्वित्झर्लंडने आपल्या शेतात चालू दिले नव्हते, पण तिथल्या सिन्जेंटा कंपनीचे 'पोलो' आपल्याकडे विकले जात होते. २०२० मध्ये ५१ बाधित शेतकऱ्यांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली.

वर्तमानपत्रांनी मेलेल्यांचे आकडे छापले. ते छापायलाच हवे होते. पण जे मेले नाहीत त्यांचे काय? वीस-वीस वर्षे दर हंगामात पंप पाठीवर घेणाऱ्याचे, त्याचे कपडे हाताने धुणाऱ्या त्याच्या बायकोचे, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या गरोदर बाईचे?

जे त्रिकोणात दिसत नाही

आपल्या शरीरात थायरॉइड, स्वादुपिंड, अंडाशय, वृषण अशा ग्रंथी असतात. त्या रक्तात अतिशय थोड्या प्रमाणात संप्रेरके, म्हणजे हार्मोन, सोडतात. मुलाची वाढ, मेंदूची घडण, पाळी, वीर्य, साखर हे सगळे त्यांच्यावर चालते. काही रसायने हार्मोनची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात. याला फार मोठी मात्रा लागत नाही. मात्रेइतकेच वेळेला महत्त्व असते. गर्भात किंवा वयात येताना झालेला बिघाड कधी कधी वीस वर्षांनी दिसतो.

हे ज्ञान नवे नाही. १९३६ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की बिस्फेनॉल-ए हे रसायन शरीरात स्त्री-हार्मोनसारखे काम करते. पुढे त्याच रसायनापासून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनले आणि त्याच्या बाटल्या, डबे जगभर गेले. डॉड्स यांच्याच प्रयोगांतून १९३८ मध्ये डीईएस हे कृत्रिम हार्मोन तयार झाले. गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षे दिले गेले. १९७१ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आले की या स्त्रियांच्या मुलींना तरुणपणीच योनीचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. गोळी आईने घेतली होती आणि आजार मुलीला झाला होता.

१९३६ हेच साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे न दिलेले भाषण छापून आले, आणि त्याच वर्षी गांधी आपल्या वर्ध्याजवळच्या शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. गाव शुद्ध आणि स्वयंपूर्ण असते, हे चित्र इथूनच देशभर गेले. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत या चित्राला नकार दिला, तेव्हा अनेकांना ते कडवट वाटले. आज त्याच जिल्ह्यातल्या गावाचे पाणी, माती आणि मजुराचे रक्त तपासले तर गाव किती शुद्ध राहिले ते कळेल. गाव जुन्या उतरंडीतून सुटले नाही आणि नव्या रसायनांतूनही वाचले नाही.

आता त्रिकोणाचे एक उदाहरण घ्या. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक भाजीपाल्यावर आणि फळबागांवर सर्रास वापरतात. मरणाच्या मापाने ते हिरव्या वर्गात बसते, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. कारणांत ते प्रजननाला घातक आणि हार्मोन बिघडवणारे आहे, हे स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब होते. २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्या विषांवर. मॅन्कोझेब बाजारातच राहिले.

कासरगोडची गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. केरळच्या या जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षे हवेतून एन्डोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या शाळकरी मुलग्यांचा अभ्यास केला. एन्डोसल्फानच्या सान्निध्यात वाढलेली ११७ मुले आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावातली ९० मुले घेतली. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. बाधित गावातली मुले वयात यायला उशीर होत होता आणि हार्मोनच्या पातळीत फरक होता. तेच एन्डोसल्फान आपल्या कापसावर पाठीवरच्या पंपाने मारले जात होते. २०११ मध्ये जगाने त्याच्यावर बंदीचा निर्णय घेतला, तेव्हा आधी विरोध करणाऱ्या देशांत भारत होता. १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. १० जानेवारी २०१७ ला त्याच न्यायालयाने बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला.

हा आदेश कशाच्या जोरावर आला? लोक लढले, आणि लढून त्यांनी बाधितांची यादी करून घेतली. ज्याचे नाव यादीत आले, त्याचे दुखणे सरकारला नाकारता आले नाही.

रिकामा डबा कोणाच्या हातात

आता धुऱ्यावरच्या डब्याकडे परत येऊ. तो डबा शेवटी कोणी उचलतो. शहरात तो कचऱ्यातून उचलला जातो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून भूमिहीन दलित कुटुंबे पुण्यात गेली आणि त्यांतल्या अनेक बायकांच्या वाट्याला कचरावेचणीचे काम आले. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियांचीच मोठी संख्या आहे. गावात महारवाडा, मांगवाडा आणि शहरात उकिरडा, असा हा प्रवास आहे. आपल्या विदर्भातल्या लहान शहरांतही सकाळी चुंगडी घेऊन निघणाऱ्या बाया आणि मुले कोणत्या वस्तीतून येतात, हे सांगायची गरज नाही.

प्लास्टिक मऊ ठेवायला थॅलेट घालतात, कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल असते. ही रसायने प्लास्टिकमधून उष्णतेने आणि तेलाने सुटतात. म्हणून पन्नीतला गरम चहा वाईट. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्या मुलाच्या श्वासात तर पीव्हीसीच्या धुरातले डायॉक्सिन जाते. २०१५ च्या भारतीय मानकाने बाळाच्या दूध पाजायच्या बाटलीत पॉलिकार्बोनेट बंद केले. चांगले झाले. पण प्लास्टिक वितळवणाऱ्या शेडमध्ये आईच्या पाठीशी बांधलेल्या बाळासाठी असे मानक कोणी केले नाही.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ ला एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. दंड झाला तो बहुतेक हातगाडीवाल्याला आणि भाजीवालीला. ज्यांनी प्लास्टिक बनवून विकले, त्यांच्या दारात नोटीस घेऊन जाणारा शिपाई फारसा दिसला नाही.

"विषाला जात नसते"

आम्हाला हे नेहमी ऐकवले जाते. पाणी सगळेच पितात, सवर्णाच्या रक्तातही प्लास्टिक सापडते, मग यात जात कशाला आणता? २०२२ मध्ये नेदरलँडच्या शास्त्रज्ञांनी २२ जणांचे रक्त तपासले तेव्हा १७ जणांत प्लास्टिकचे कण सापडले, हे खरे आहे. विषाला जात नसते, पण पंपाला असते आणि चुंगडीलाही असते. विष सगळ्यांपर्यंत पोहोचते, पण त्याच्या सर्वांत जवळ कोणाला उभे करायचे हे जमिनीची मालकी ठरवते, आणि जमिनीची मालकी जातीने ठरलेली आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याचसाठी. ज्याच्याजवळ वावर नाही, तो दुसऱ्याच्या वावरात पंप घेतो. मजुरी नाकारायची ताकद त्याच्यात नसते.

याचा अर्थ आपली लढाई कास्तकाराशी आहे असा नाही. दोन-चार एकराचा कुणबी, तेली, गोंड, कोलाम कास्तकारही स्वतःच पंप घेतो आणि कर्जाबरोबर विषही अंगावर घेतो. त्याला सोबत घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

आणि आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. कामगार कुठे उभा राहतो, काय श्वासात घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपण किती जण फवारणीच्या वावरात उतरलो? १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण पाण्याचे पाऊच आणि प्लास्टिकचे ग्लास वाटतो. दुसऱ्या दिवशी ते कोण वेचतो? आपलीच माणसे वेचतात.

यादी करा

आमचा आग्रह एका कामासाठी आहे. प्रत्येक गावातल्या शाखेने एक वही करावी. कोण फवारतो, किती वर्षे फवारतो, कोणते विष, त्रिकोण कोणता, हातमोजे मिळतात का, निंदणाऱ्या बायांना काय त्रास होतो, रिकामे डबे कुठे जातात. नावे त्यांच्या संमतीनेच लिहावीत आणि चव्हाट्यावर आणू नयेत. ही वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि १९७१ च्या नियमांप्रमाणे तपासणी मागावी. कृषी विभागाला माहितीच्या अधिकारात विचारावे की संरक्षक कपडे किती वाटले आणि कोणाला. ग्रामसभेत ठराव घ्यावा की रिकामे डबे विक्रेत्याने आणि कंपनीने परत न्यावेत. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकाची जबाबदारी मान्य केलेली आहेच. नगरपालिकेकडे कचरावेचकांची नोंद, ओळखपत्र आणि हातमोजे मागावेत. आणि सरकारकडे मागणी करावी की डब्यावर मरणाच्या मापासोबत हार्मोन आणि गर्भावरच्या परिणामाचा इशारा मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावा.

तोवर घरात एवढे तरी करा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, विषाचा डबा पाण्याला वापरू नका, गरोदर बाईला फवारलेल्या वावरात पाठवू नका, प्लास्टिक चुलीत घालू नका. यापुढे आपल्या जयंतीला पाणी माठातून आणि स्टीलच्या पेल्यातून द्या.

१९२७ मध्ये तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगितला तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज आपण पाण्याला हात लावू शकतो. त्या पाण्यात काय आहे, ते विचारण्याचा हक्कही त्याच सत्याग्रहातून आपल्याला मिळाला आहे. तो वापरायला सुरुवात करू.

जय भीम!